मांडुळाची दुसरी मान

अमळनेर,
१२ मार्च १९८९

प्रिय भटू,

सप्रेम नमस्कार. अक्षर ओळखलं असशील तर आधी चहा मागव, पत्र लांबणार आहे.

तुझा पत्ता वनाने दिला, तुझ्या मावसभावाने. धुळ्याच्या स्टँडवर अचानक भेटला. म्हणाला, भटूचं सुरतेजवळ उधन्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान जोरात चाललंय, पोरं गुजराती शाळेत जातात. ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, हे मला वनाकडून कळावं? पण जाऊ दे. मीही कुठे लिहिलं एवढ्या वर्षांत.

इकडे सर्व ठीक. तेलाच्या गिरणीतली नोकरी चालू आहे. होळी यायची आहे पण ऊन आतापासूनच चटके देतं.

आता कामाचं. मांडुळाबद्दल तुझं मत हवं आहे.

हो, अजून आहे माझ्याकडे. सोनगीरच्या कार्यक्रमात तो फेटेवाला म्हातारा स्टेजला चिकटून उभा होता, आठवतं? एक पोट आणि दोन्ही टोकांना दोन माना बघून त्याने विचारलं होतं, "हाई काय शे रे भाऊ? मांडूळ शे का?" आपण इतकं छान नाव शोधत होतो, आणि त्याने फुकटात बारसं करून टाकलं. तेव्हापासून बॅनरवर ऑर्केस्ट्राचं नाव बारीक आणि 'मांडूळ गिटार' मोठ्या अक्षरात.

परवा जळगावच्या एका ऑर्केस्ट्रातला सुपडू घरी आला होता. तरुण पोरगा आहे, हात चांगला आहे, बोलतो जरा जास्त. त्यांचा दुसरा गिटारवाला नाशिकला निघून गेला, म्हणून मला बोलावतात. वैशाखात आखाजी झाली की लग्नसराई आहे, पुढे गणपती. मला वाटलं होतं स्टेज आता आपल्यासाठी संपलं. व्हिडिओने आपला ऑर्केस्ट्रा खाल्ला, तू सुरतेची गाडी धरलीस, आणि मी गिरणीत डबे मोजत बसलो. त्यामुळे सुपडूने विचारलं तेव्हा मी चक्क लाजलो, या वयात.

त्याची स्वतःची गिटार बघून मात्र मी हात जोडले. तिला मुंडकंच नाही! मान सरळ येते आणि एकदम संपते, शेंडा खुडलेल्या कपाशीसारखी. खुंट्या खाली बुडाशी. सुपडू म्हणतो, वजन कमी, सूर हलत नाही, बसमध्ये मांडीवर मावते. मी म्हटलं, बाबा रे, मान वाकडी करून, डोळे मिटून खुंटी पिळायची जी ऐट असते ती गेली की निम्मा गिटारवाला गेला. त्यांच्याकडे आणखी एक आहे, बाणाच्या टोकासारखी. उभ्याने झकास दिसते, बसून वाजवायला घेतली की मांडीवरून घसरते. म्हणजे गिटारवाल्याने जन्मभर उभंच राहायचं.

असल्या गिटारी वाजवणारा पोरगा आपल्या मांडुळाला नावं ठेवतो, बोल! भोवती फिरला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "कौतिकनाना, एका धडाला एकच मान पाहिजे. तुमची ठेवा, दुसरी कापा, आणि या आमच्याकडे. तसलं दुतोंडी धूड घेऊन एकट्याने स्टेजवर काय करणार?"

एकट्याने हे खरंच आहे. तू डावरा, म्हणून तर ती तशी झाली. तुझ्या हाताची गिटार कुठल्या दुकानात मिळेना, आणि आपल्याकडे एकीचेही पैसे धड नव्हते, म्हणून चुडामणच्या बापाने एकाच सागवानी पेटीला दोन माना लावून दिल्या. गाडीची चाकं करणारा माणूस! माझी मान माझ्या डावीकडे, तुझी तुझ्या उजवीकडे, आणि मधे पोटावर माझा उजवा हात आणि तुझा डावा हात शेजारी शेजारी. किती कोपरं मारलीस मला. तिथे उजव्या हाताचा दुसरा माणूस उभाच राहू शकत नाही.

घरी वाजवताना मी तुझ्या बाजूला दोरी बांधतो आणि वर कडीला टांगतो. नाहीतर तुझी मान खाली जाते आणि माझी आभाळाकडे.

सुपडूला आखाजीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. कापू का? गिटारवाला म्हणून सांग. तुझ्या घरच्यांना नमस्कार.

तुझा,
कौतिक


अमळनेर,
२ एप्रिल १९८९

प्रिय भटू,

सप्रेम नमस्कार.

उत्तर आलं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. गिरणीतून आलो तर दाराच्या फटीत कार्ड. हातपाय न धुता वाचलं. मग धुतले आणि पुन्हा वाचलं.

पण भटू, तू असं लिहावंस? "ती गिटार नव्हतीच, आपली पोरकट हौस होती. गिटार एका माणसाची असते. बिनदिक्कत काप." बिनदिक्कत! हा शब्द तू सुरतेत शिकलास का? तारांचा आवाज पकडणारा तुझा पिकअप त्या पोटात आहे. जुन्या रेडिओची तार सोडवून तू तो गुंडाळला होतास, आणि तारेला हात लावला म्हणून माझ्यावर खेकसला होतास. ती पोरकट हौस असेल तर आपल्या दोघांच्या आयुष्यात दुसरं काय होतं ते मला लिहून पाठव.

रागावलो नाही. थोडा रागावलो.

तुझं मत एक झालं, आता दुसरं ऐक. आपल्या गावातले बन्सीलालजी आठवतात? गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ते. आता थकलेत, शिकवण्या बंद केल्या. त्यांच्याकडे मांडूळ घेऊन गेलो. टांग्यात बसवताना टांगेवाल्याने विचारलं, पेशंट कुठला आहे? कारण मी तिला गोधडीत गुंडाळलं होतं.

बन्सीलालजींनी माझ्या बाजूची एक तार छेडली आणि कान तुझ्या बाजूला नेला. तुला माहीत आहे काय होतं ते. माझी तार वाजली की तुझ्या तारा आपोआप गुणगुणतात. मी त्या काढलेल्या नाहीत, गंजल्या की बदलतो, तुझ्या सुरात लावून ठेवतो. सुपडूला हाच दोष वाटला होता. म्हणाला, आवाज गढूळ होतो, तिकडे फडकं कोंबा. बन्सीलालजी म्हणाले, "गिटारीत एवढाच एक गुण आहे, तोच मारू नको. बाकी बनावट भिकार आहे." मग पुष्कळ सुनावलं. पेटी फार खोल, माना जाड, एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात पडणार, दोघांतला एक नेहमी दबून वाजवणार. मी विचारलं, आमच्यातला कोण दबून वाजवत असेल? ते म्हणाले, तू. बघ, न ऐकता सांगितलं.

तिसरं मत ऐकून तर मी संतापलो. हायवेवर सोनगीरजवळच्या ढाब्यावर इंदूरच्या ऑर्केस्ट्रा पार्टीची गाडी थांबली होती. सुपडू मला मुद्दाम घेऊन गेला, मांडुळासकट. त्यांच्या गिटारवाल्याकडे बारा तारांची गिटार, हातात अंगठ्या. त्याने माझी उचलून पाहिली, तोलली आणि विचारलं, विकणार का? त्याच्या मेव्हण्याच्या हॉटेलात भिंतीवर टांगायला छान दिसेल. वाजवून पाहिली नाही. एक तारसुद्धा छेडली नाही, भटू! मी जेवण अर्धं टाकून उठलो. शेवभाजी चांगली होती.

तर अशी मतं. काप नाहीतर विक, हेच सगळ्यांचं म्हणणं. बन्सीलालजी तेवढे काप म्हणाले नाहीत, पण वाजवही म्हणाले नाहीत. आणि मला स्टेज हवं आहे रे. गिरणीतून आलं की संध्याकाळ संपता संपत नाही. सुपडूकडे गेलो की निदान चार माणसं सूर लागला की नाही यावर भांडतात. परवा त्यांच्या तालमीत नुसता बसलो होतो, तर पायाने ठेका धरला गेला आणि मलाच नवल वाटलं.

तू दोरीबद्दल लिहिलंस. "दोरी कशाला? दोरीने तारेचा झणका मरतो. वहिनींना धरायला सांग की. आणि त्यांना माझा नमस्कार सांग." दोरी सोयीची पडते म्हणून. नमस्कार पोचला.

पुढच्या आठवड्यात चुडामणकडे नेतो. बाप गेल्यावर आता तोच दुकान बघतो.

तुझा,
कौतिक


अमळनेर,
२३ एप्रिल १९८९

प्रिय भटू,

नमस्कार. या वेळी चहा मागवू नकोस.

तुझं दुसरं कार्ड बुधवारी आलं. पोस्टमनने हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता सायकलवर बसला. मी पाहिलं तर कार्डाचा कोपरा फाटलेला.

तुला काय सांगायचं? कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं. घरात न्यायचं नाही, ओट्यावरच उभ्याने वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. मी वाचू शकलो नाही. पालथं घालून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिलो. वरती तुझ्या दुकानाचा शिक्का दिसत होता. मनात आलं, हे तुझ्या बायकोने लिहिलं असेल. किंवा तुझ्या मुलाने, मराठी येत असेल तर. आणि मी तुला 'थोडा रागावलो' असं लिहून बसलो होतो.

शेजारची धुरपदाबाई, आपल्या तालमींना शिव्या द्यायची तीच, पाणी भरायला निघाली होती. तिने कोपरा पाहिला आणि हंडा खाली ठेवला. "कोन गयं रे भाऊ?" मी मान हलवली. ती आत गेली, बादलीभर पाणी आणून माझ्या पायाशी ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला टेकून बसली. रडायची तयारीच. "वाच. वाचाशिवाय कसं चाली? वाच, मंग आंगोय कर."

तिला वाचता येत नाही, म्हणून मीच उचललं आणि मोठ्याने वाचलं. "प्रिय कौतिक, बिनमुंडक्याच्या गिटारीबद्दल माझं मत असं की..."

"मुंडकं?" धुरपदाबाई किंचाळली. "कोनं मुंडकं गयं रे भाऊ?"

मी पुढे वाचत गेलो. तू तिथल्या एका दुकानात तसली गिटार पाहिलीस, सूर पक्का आहे पण हातात घेतल्यावर कुणाशी बोलल्यासारखं वाटत नाही, बाणाची गिटार तर नाटकातली तलवार आहे, वगैरे. सगळं नीट, तुझ्याच अक्षरात. कोपरा पोस्टाच्या थैलीत कुठेतरी फाटला असणार. तू जिवंत होतास आणि गिटारींना नावं ठेवत होतास. मी हसायला लागलो. धुरपदाबाईने पोस्टमनच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग कार्डातली शेवटची ओळ वाचली, "वहिनींना म्हणावं आखाजीच्या सांजोऱ्या चार माझ्या नावाने ठेवा, कधीतरी येऊन खाईन," आणि माझं हसू कुठे गेलं कळलंच नाही. मी तिथेच ओट्यावर हमसून रडलो. धुरपदाबाईने नुसती बादली माझ्याजवळ सरकवली.

भटू, लता गेली. मागच्या श्रावणात, कानबाईचे रोट झाले त्याच आठवड्यात. कावीळ झाली होती, अंगावर काढली. धुळ्याला नेलं तोवर उशीर झाला होता.

सगळ्यांना कार्डं लिहिली. प्रत्येकाचा कोपरा मीच फाडला. तुलाही लिहिलं. तुझा पत्ता नव्हता तरी लिहिलं, आणि कोपरा फाडायला हात गेला नाही. पत्ता नाही हे निमित्त बरं होतं. मग वना भेटला, त्याने पत्ता दिला, विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना? मी हो म्हणालो. मला वाटलं, इथे सगळ्यांच्या लेखी ती गेली. उधन्याला एक माणूस आहे त्याच्या लेखी ती अजून घरात आहे, स्वयंपाक करते, माझ्यावर ओरडते. तेवढी एक जागा राहू दे.

आणि खरं सांगू? मांडुळाबद्दल मत विचारायला मी पत्र लिहिलंच नव्हतं. गिटारीचं लिहिलं की तू उत्तर देणार आणि उत्तरात तिला नमस्कार लिहिणार, हे मला माहीत होतं. तो वाचायचा होता. तू दोन्ही वेळा तिला निरोप लिहिलास. पण त्या दिवशी ते फाटकं कार्ड शेजारी घेऊन बसलो तेव्हा कळलं की तुझ्या घरात कोणी गेलं असतं आणि तू मला कळवलं नसतंस, तर मी तुला माफ केलं नसतं. तू मला करावंस की नाही ते तू ठरव.

दोरीचं आता सांगतो. तू गेल्यावर लता धरायची तुझी बाजू. तांदूळ निवडताना सूप पुढ्यात आणि तुझी मान मांडीवर. तिला वाजवता येत नव्हतं, तिने कधी बोटही लावलं नाही. तुझ्या तारा गुणगुणल्या की म्हणायची, "भटूभाऊ बोलायला लागले." आता धरायला कोणी नाही, म्हणून दोरी. आणि वरची कडी तुला माहीत आहे. घर बांधताना तिच्या वडिलांनी पाळण्यासाठी ठोकून घेतली होती. एवढ्या वर्षांत त्या कडीला पहिल्यांदा काही टांगलं ते हे.

आता मांडुळाचं. चुडामणने पेटी वाजवून पाहिली, खडूने मधोमध रेघ ओढली आणि मग स्वतःच पुसली. म्हणाला, "मधून कापी तं दोन्ही मरतीन." पोट एकच आहे, मधे भिंत नाही. एक जगवायची तर दुसरी मान मुळापासून उडवायची आणि भोक बुजवायचं. त्याने करवत हातात घेऊन विचारलं, "कोन्ती ठेवू, नाना?" मी माझी म्हणणारच होतो. सुपडू, जळगाव, लग्नसराई, सगळं डोळ्यापुढे होतं. पण तोंडातून निघालं, राहू दे. चुडामणने करवत खाली ठेवली. मग त्यानेच गोधडी गुंडाळायला मदत केली.

सुपडूला 'नाही' असं कळवलं. त्याने दुसरा गिटारवाला घेतलाही, भुसावळचा. वाईट वाटतं आहे. तालमीच्या दिवशी संध्याकाळी पाय आपोआप स्टँडकडे वळतात, मग मी पानाच्या दुकानाशी उभा राहतो आणि परत येतो.

आखाजीला लताची पहिली घागर आहे. तिच्या नावाने पान वाढायचं. सवाष्ण म्हणून धुरपदाबाईची सून जेवेल. सांजोऱ्या धुरपदाबाई करून देणार आहे, तिच्या हाताला ती चव नाही, पण आहेत त्या आहेत. दुसरं एक पान मी तुझ्यासाठी मांडणार आहे. सुरतेहून भुसावळ पॅसेंजर धरलीस तर वेळेत पोचशील.

तू उजव्या हाताने जेवावंस म्हणून तुझ्या आईने चटके दिले होते. लग्नाच्या पंगतीत लोक तुझ्याशेजारून उठून जायचे. लताने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं नाही, सांगितलं नाही, तुझं ताट उलटं वाढलं. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे, पाणीही पलीकडे. मी तेव्हा म्हटलं होतं, हे काय? ती म्हणाली, "त्यांच्या हाताला सोपं पडावं म्हणून." पितरांच्या दिवशी डाव्या हाताने जेवलास तर लोक नावं ठेवतील. ठेवू देत. पान उलटंच वाढणार, ते आता मला जमतं. घरात आलास की तू वाजवलं नाहीस तरी चालेल. दोरी सोडीन आणि तुझी बाजू तुझ्या मांडीवर देईन. नुसती धर.

तुझाच,
कौतिक

ता. क. या पत्राचा कोपरा पोस्टात फाटलेला नाही. मी फाडला आहे.